भरलेल्या देवळाचा रिव्हर्ब

घरात कापूस भरलेला असला की त्या खोलीत आवाज मरतो, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वेचणी आटोपलेली असते, भाव मनासारखा नसतो, म्हणून आतली खोली पार माळ्याला टेकेपर्यंत भरून ठेवतात. तिथे उभं राहून हाक मारली तर ती तोंडापुढेच संपते. स्टुडिओत भिंतींना फोम आणि रॉकवूल लावून जे साधतात, ते अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या तिवसा तालुक्यातल्या कितीतरी घरांत हिवाळ्यात आपोआप साधलेलं असतं. आमच्या गावातल्या महिला भजन मंडळाची भजनं मी अशाच खोलीत रेकॉर्ड केली.

देवळात का नाही, असं मंडळातल्या सगळ्या जणींनी विचारलं होतं. देऊळ रस्त्याला लागून आहे. ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, कोणाच्या तरी लग्नाचा डीजे, यातलं काही ना काही चालूच असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. माझ्याकडे दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस आहे, म्हणजे एका वेळी दोनच माईक लॅपटॉपला जोडता येतात. खंजेरी, टाळ, पेटी आणि आठ-दहा गळे एकाच घुमणाऱ्या मंडपात एकाच वेळी घेतले, तर नंतर त्यातलं काहीच वेगळं करता येत नाही. जो घुमारा रेकॉर्डिंगमध्ये आला तो कायमचा आला. कोरड्या, म्हणजे घुमारा नसलेल्या आवाजाला जागा नंतर देता येते, ओल्या आवाजातून ती काढून घेता येत नाही. म्हणून आधी ठेका आणि पेटी, मग हेडफोन लावून मंडळात पुढे म्हणणाऱ्या काकूंचा मुख्य आवाज, मग मागे धरणाऱ्या बायका, असं थराथरानं घेतलं. कापसाजवळ बसून अंगाला खाज सुटते, तेवढा त्रास सगळ्यांनी सोसला.

लॅपटॉपवर मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते. त्यासोबत दोन रिव्हर्ब, म्हणजे कोरड्या आवाजाला घुमारा देणारी साधनं, येतात. रिव्हर्बेट (ReaVerbate) हा घुमारा गणितानं तयार करतो. ReaVerb नावाच्या दुसऱ्यात खऱ्या जागेच्या घुमाऱ्याची नोंद फाइल म्हणून भरता येते. दोन्हींचा उपयोग झाला, त्याची हकीकत पुढे येईलच. सुरुवातीला मी रिव्हर्बेटचं बाकी सगळं जसं उघडतं तसंच ठेवलं, फक्त मोठी खोली करून वेट, म्हणजे घुमाऱ्याचं प्रमाण, वाढवला आणि काकूंना ऐकवलं. मला त्यांचं पहिलं मत कुठलीही तयारी न करता हवं होतं.

"पोरी, हे त विहिरीत बसून म्हटल्यावानी येऊन राह्यलं," काकू म्हणाल्या. आणि लगेच, "पन थोडा इको टाक ना वं. तिकडच्या मंडळाचा कसा घुमते!"

या दोन वाक्यांत सगळं काम आलं. घुमारा हवा, पण शब्द हरवता कामा नये. भजनात शब्द गेला तर मागे राहतं काय? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजेरीवर भजन म्हणत ते गावोगाव फिरले. व्यसन, स्वच्छता, शेती, एकोपा हे सगळं ते भजनातूनच लोकांना सांगत. आमच्या मंडळातल्या बायका त्याच वळणाच्या आहेत. त्यांच्या गाण्यातलं एक अक्षर जरी घुमाऱ्याखाली दबलं तरी मला ते चालणार नव्हतं.

शब्द दबतो कसा, हे आधी नीट समजून घेतलं. स्वर लांब आणि जोरात असतो, व्यंजन आखूड आणि हळू. काकूंनी लांबवलेल्या 'आ'च्या घुमाऱ्याची शेपूट हवेत असतानाच पुढचा त, क किंवा प येतो आणि तिच्याखाली झाकला जातो. म्हणजे किती रिव्हर्ब आहे एवढाच प्रश्न नाही. तो कधी सुरू होतो, किती वेळ टिकतो आणि कोणत्या पट्टीत, म्हणजे जाड की बारीक आवाजात आहे, हे तिन्ही बघायला हवं. नुसतं वेटचं बटण कमी-जास्त करून यातलं काहीच सुटत नाही.

किती वेळ टिकावा, याचं उत्तर मी देवळातच शोधायचं ठरवलं. बायका मुळात गातात ते तिथेच. आमच्या विठ्ठल मंदिराचा सभामंडप साधारण नऊ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि चार मीटर उंच आहे. वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंतींना सिमेंटचा गिलावा. घुमारा मोजण्याचं सूत्र वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाचं आहे. १८९५ मध्ये त्याच्याकडे विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं एक व्याख्यानगृह सुधारायचं काम आलं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत असे. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. त्या थोड्या थोड्या वाढवत ऑर्गनच्या नळीचा आवाज विझायला किती वेळ लागतो ते तो घड्याळावर मोजत राहिला. त्यातून निघालेलं सूत्र असं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागायचं. येतात ते सेकंद. आवाज ६० डेसिबलनं खाली यायला लागणारा हा वेळ. कापसाच्या खोलीत बसून मी हे वाचलं तेव्हा सबाइन मला एकदम जवळचा वाटला, कारण त्याच्या गाद्या जे करत होत्या तेच माझ्या पाठीमागचा ढीग करत होता.

आमच्या मंडपाचं घनफळ २५२ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून २५४ चौरस मीटर. गिलावा, सिमेंट आणि टाइल्स पडलेल्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग पितात असं धरलं, तर दारं लावलेल्या रिकाम्या मंडपात घुमारा ५.३ सेकंद येतो. पण आमचा मंडप कधी बंद नसतो. दारं आणि जाळीच्या खिडक्या मिळून बारा चौरस मीटर जागा उघडी असते. तिथून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते शंभर टक्के शोषण. घुमारा २.१ सेकंदांवर आला. आता त्यात चाळीस माणसं बसवली. लुगडी, साड्या, शाली, मांडीवरची लेकरं धरून माणशी साधारण अर्धा चौरस मीटर शोषण पकडलं, तर उरतो सव्वा सेकंदापेक्षाही कमी, एका सेकंदाच्या जवळ. एकाच मंडपाचे हे तीन आकडे. काकू ज्याला आपलं देऊळ म्हणतात, तो यातला शेवटचा. भजनाच्या वेळी मंडप रिकामा नसतोच.

हा हिशोब कागदावरचा होता. खरं काय ते ऐकायचं असेल तर मंडपात एक टचका, क्षणात संपणारा आवाज काढून त्याची शेपूट रेकॉर्ड करावी लागते. त्यासाठी बंदूक, टाळी, फुगा काहीही चालतं. मोठ्या स्टुडिओंत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाणारा सूर वाजवून मोजतात, आणि ती पद्धत जास्त अचूक आहे. पण त्यासाठी चांगला स्पीकर लागतो. फुगा गावात मिळतो. गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तेव्हा मंडप भरलेला असतो. मी काकूंमार्फत सगळ्यांना विचारलं, की प्रार्थना झाल्यावर क्षणभर हलू नका, बोलू नका. लोडशेडिंगची वेळ धरली. पंखे बंद, गिरणी बंद, शेतातल्या मोटारी बंद. अशा वेळी गावात जी शांतता पसरते ती रेकॉर्डिंगच्या फार कामाची असते. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर, माईक बायका बसतात तिथून तीन मीटरवर. फुगा फोडायचा मान कोणाला द्यायचा यावरून पोरांत जी भांडणं झाली ती प्रार्थनेपेक्षा लांबली. शेवटी काकूंच्या नातीनं फोडला. नंतर मंडप रिकामा झाल्यावर त्याच जागी दुसरा फुगा फोडला.

घरी येऊन दोन्ही नोंदी शेजारी लावल्या. आवाज पहिल्या शिखरापासून तीस डेसिबल खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि दुप्पट करायचं. पूर्ण साठ डेसिबलची घसरण गावातल्या गोंगाटात दिसत नाही, तीसची दिसते. रिकाम्या मंडपाची शेपूट दोन सेकंदांच्या थोडी पुढे गेली. भरलेल्याची सव्वा सेकंदाच्या आत राहिली. कागद आणि कान इतके जवळ आलेले पाहून मला जो आनंद झाला तो सांगायला आमच्या घरात कोणी जागं नव्हतं, इतकी रात्र झाली होती. आणखी एक गोष्ट त्या लहरीत दिसली. भरलेल्या मंडपाची शेपूट नुसती आखूड नव्हती, ती काळवंडलेली होती. कापड वरच्या पट्टीतला आवाज जास्त पितं आणि खालचा कमी. म्हणून माणसं बसली की घुमाऱ्यातली चमक आधी जाते. रिव्हर्बेटमधल्या डॅम्पनिंगच्या बटणाचं काम हेच आहे. ते बटण मी आधी नुसतं कानाला बरं वाटेल तिथे ठेवायचे. आता त्याच्यामागे मला बसलेली माणसं दिसतात.

मग भरलेल्या मंडपातल्या फुग्याची नोंद सरळ त्या दुसऱ्या ReaVerb मध्ये भरून काकूंचा आवाज त्यातून काढला. जागा ओळखू आली, अगदी नक्की आमचंच देऊळ. तरी शब्द अजून थोडा पुसट होता. त्याचं कारण असं की देवळात बसलेला माणूस डोळ्यांनी काकूंचे ओठ बघतो, पाठ असलेलं भजन मनात म्हणतो आणि दोन्ही कानांनी दिशा ओळखतो. मोबाइलवर ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे खऱ्यापेक्षा किंचित जास्त स्पष्टता द्यावीच लागते.

इथे मी घुमाऱ्याचे दोन भाग केले. थेट आवाजानंतर लगेच येणारे पहिले परतावे कान वेगळे ऐकत नाही. ते मूळ आवाजात मिसळतात आणि त्याला अंग देतात. आमच्या मंडपात छतावरून येणारा परतावा थेट आवाजानंतर साधारण ११ मिलिसेकंदांनी पोहोचतो, कारण त्याला पावणेचार मीटर जास्त चालावं लागतं आणि आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. बोललेलं समजण्यासाठी पहिल्या ५० मिलिसेकंदांत आलेला आवाज मदतीचा मानतात, संगीतासाठी ही मर्यादा ८० धरतात. भजन दोन्हींच्या मध्ये बसतं. म्हणून मंडपाची नोंद मी ५० मिलिसेकंदांपासून उतरवत ८० वर पूर्ण विझवली. हा पहिला भाग खरा, आमच्या देवळाचा. त्यापुढची लांब शेपूट दुसऱ्या ट्रॅकवर रिव्हर्बेटमधून घेतली, कारण ती मला हवी तशी वळवता येते.

दोन्ही रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवून आवाज त्यांच्याकडे सेंडनं, म्हणजे त्याची एक वेगळी वाट काढून पाठवला. तिथे ड्राय, म्हणजे मूळ कोरडा आवाज, पूर्ण बंद, फक्त वेट. मूळ आवाजाच्या ट्रॅकवरच प्लगइन टाकलं तर प्रत्येक गळ्याला वेगळी खोली मिळते. आमच्या बायका तर एकाच सतरंजीवर बसतात. सगळ्यांना तेच रिव्हर्ब, आणि कोणी किती पाठवायचं एवढंच वेगळं, हे मला जास्त खरं वाटतं.

शेपूट कधी सुरू व्हावी, यासाठी लय बघितली. भजन ९६च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ९६ ठोक्यांचं होतं, तेव्हा ठेक्याचा एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा. त्याचा सोळावा भाग ३९. रिव्हर्बेटचा इनिशियल डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीची थांब, तिथे ठेवला आणि लगेच फरक पडला. काकूंचं व्यंजन आधी मोकळं बाहेर येतं, मग मागून देऊळ जागं होतं. दोन ठोके म्हणजे १.२५ सेकंद, आणि भरलेल्या मंडपाची शेपूटही तेवढ्याच्या आत. रिव्हर्बेटला सेकंदांचा काटा नाही, नुसता रूम साइज आहे. म्हणून एक टचका आवाज त्यातून काढून, पुन्हा तीस डेसिबल मोजून, रूम साइज हलवत हलवत एक सेकंदाच्या किंचित पुढे आणून थांबवलं.

पट्टीचं काम बाकी होतं. रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजाचा ६०० हर्ट्झखालचा आणि १० किलोहर्ट्झवरचा भाग कापायची एक जुनी पद्धत लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओच्या नावानं सांगितली जाते. काकूंच्या भरदार गळ्याला ६०० जास्त होत होतं, शेपूट चिरकी व्हायला लागली. मी खालून ३५० वर थांबले. वरून मात्र ५ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणलं, कारण भरलेला मंडप तसाच आहे. स आणि श यांचे फटकारे शेपटीत फार उडतात, म्हणून रिव्हर्बच्या आधी ते फटकारे दाबणारा डी-एसर लावला. मूळ आवाजावर नाही, फक्त रिव्हर्बकडे जाणाऱ्यावर.

वाद्यांचं वेगवेगळं निघालं. टाळ स्वतःच इतका वेळ वाजत राहतो की त्याला शेपूट द्यायची गरजच नाही, फक्त पहिल्या परताव्यांचा भाग थोडा दिला. पेटीचा सूर सलग असतो, तिला रिव्हर्ब दिला की मधली पट्टी दाट होते आणि काकूंच्या अंगावर येते, म्हणून अगदी कमी. खंजेरीनं मला सगळ्यात जास्त वेळ बसवलं. तिच्या चकत्यांचा आवाज रिव्हर्बेटमध्ये गेला की मागे एक बारीक पत्र्यासारखी किणकिण उरायची. बऱ्याच गणिती रिव्हर्बचा पाया मॅनफ्रेड श्रोडरनं बेल लॅब्जमध्ये १९६१च्या सुमारास घातला. आवाज ठरावीक अंतरानं फिरवून पुन्हा पुन्हा मागे जोडायचा आणि त्याची दाटी करायची, ही त्यातली कल्पना. गळ्यासारख्या वाहत्या आवाजावर ती दाटी सुरेख बसते, पण टचक्या आवाजावर त्या फिरण्याचे ठरावीक सूर उघडे पडतात. त्यामुळे खंजेरी रिव्हर्बेटकडे पाठवलीच नाही. तिला फक्त फुग्याची खरी नोंद दिली आणि ती आपल्या जागी येऊन बसली.

काकूंचा इको अजून राहिला होता. गावोगावच्या साउंडवाल्यांच्या मिक्सरवर इकोचं बटण असतं आणि लाउडस्पीकरवरचं भजन म्हणजे ते बटण फिरवलेलं, असा कान आमच्याकडे तयार झालेला आहे. त्यात चुकीचं काही नाही, तोही आता भजनाच्या आठवणीचा भाग आहे. पण इको म्हणजे वेगळा मोजता येईल असा परतणारा शब्द. सतरा मीटरवरची भिंत तो सेकंदाच्या दहाव्या भागानं परत देते. तो रिव्हर्बमधून मागितला तर शब्द बुडतो. म्हणून एक वेगळा डिले घेतला, अर्ध्या ठोक्याचा, ३१२ मिलिसेकंदांचा, एकदाच परतणारा आणि मूळ आवाजापेक्षा वीस डेसिबल खाली. ओळीच्या शेवटी जिथे काकू श्वास घेतात, फक्त तिथे तो थोडा वर येऊ दिला. रिव्हर्बच्या शेपटीलाही तसंच केलं. तिच्या ट्रॅकवर आवाज दाबणारा कॉम्प्रेसर ठेवला आणि त्याला काकूंच्या आवाजावर चालवलं. त्या गात असताना शेपूट तीन-चार डेसिबल दबते, थांबल्या की वर येते.

किती ठेवायचं, यासाठी माझी रीत साधी आहे. गाणं पूर्ण चालू ठेवून रिव्हर्ब हळूहळू वाढवत न्यायचा. तो 'ऐकू आला' असं वाटलं की तिथून दोन-तीन डेसिबल मागे यायचं. मग रिव्हर्बचा ट्रॅक बंद करून बघायचा. बंद केल्यावर बायका देवळातून उठून गेल्या असं वाटलं तर प्रमाण बरोबर आहे. रात्री हेडफोनवर ठरवलेलं सकाळी पुन्हा तपासायचं, कारण रात्रीच्या शांततेत थोडासाही रिव्हर्ब पुरेसा वाटतो आणि दिवसा तो कुठे दिसतही नाही.

काकूंनी ऐकलं ते ओसरीवर, त्यांच्याच मोबाइलवर. त्या पूर्ण भजन होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता शेवटचा शब्द पुरा ऐकू येऊन राह्यला. अन् इको बी हाये. देवळावर लावाले देशील का हे?"

देवळावर भोंगा आहे, आणि त्यासाठी मी वेगळी फाइल केली. भोंगा खालची पट्टी देतच नाही, वरचीही फारशी नाही. जे देतो ते मधलं, आणि शब्दही मधेच असतात. शिवाय तो एकच आहे, म्हणून डावं-उजवं मिळून एक होतं. मोबाइलसाठी रुंद पसरलेला रिव्हर्ब तसा एकत्र केला की त्याचा काही भाग स्वतःलाच खोडतो आणि उरलेला पोकळ वाटतो. त्यातून भोंग्याचा आवाज समोरच्या घरांवरून, पाण्याच्या टाकीवरून परत येतो तो वेगळाच. गाव स्वतःच रिव्हर्ब देत असताना फाइलमधून आणखी पाठवण्यात अर्थ नव्हता. भोंग्याच्या फाइलमध्ये लांब शेपूट आणि डिले दोन्ही काढले. फुग्याच्या नोंदीचा पहिला भाग तेवढा मोनो करून ठेवला.

पुढचं भजन सावकाश आहे, ७२च्या लयीत. ठोका ८३३ मिलिसेकंदांचा, सोळावा भाग ५२. इनिशियल डिले तिथे नेला आणि तो छान बसला. दोन ठोक्यांच्या हिशोबानं शेपूट १.६७ सेकंद झाली असती, ती मी केली नाही. लय बदलली तरी मंडप तोच आहे आणि बसणारी माणसंही तीच, म्हणून रूम साइज जिथे होता तिथेच ठेवला आहे.